रिबन

त्या खेळात पहिल्याच प्रकरणात तीन वेळा मेलात की खेळ तुम्हाला विचारतो, निंजाचा मार्ग सोडायचा आहे का? 'नाही' म्हटलं तर पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून. 'हो' म्हटलं तर अयाने नावाची मुलगी तुमची टर उडवते, तुमच्या माणसाला एक रंगीत रिबन देते, आणि तिथून पुढे तुम्ही ज्या पातळीवर खेळता तिचं नाव 'निंजा डॉग'. कुत्रा. शत्रू नरम पडतात, मदतीचं सामान जास्त मिळतं, पण ती रिबन मिरवत फिरावं लागतं.

गेल्या मे महिन्यात मी 'हो' म्हटलं. ही गोष्ट मी आमच्या हाऊसमध्ये जानेवारीपर्यंत कोणालाही सांगितली नाही.

खेळाचं नाव 'निंजा गायडेन ब्लॅक'. 'गायडेन' म्हणजे जपानीत उपकथा. मूळ खेळ २००४ चा, टीम निंजा या स्टुडिओचा, आणि 'ब्लॅक' ही त्याचीच २००५ मध्ये आलेली वाढवलेली आवृत्ती. म्हणजे हा खेळ माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. कोल्हापूरला माझा आतेभाऊ इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या एक्सबॉक्सवर तो अजून चालतो. सुट्टीत आई मला आठ-दहा दिवस आत्याकडे पाठवते. दादाने सांगितलं, "तुमच्या मिलिटरी स्कूलवाल्यांसाठीच आहे हा. बघ, पहिला साहेब तरी मारतोस का."

पालक हे वाचत असतील म्हणून आधीच सांगतो, या खेळावर १७ वर्षांवरच्यांसाठी असा शिक्का आहे आणि मी पंधराचा आहे. रक्त बरंच आहे, आणि त्यातल्या बायकांचे कपडे असे की आत्या चहा घेऊन खोलीत आली की मी पॉज करून खिडकीबाहेर बघायचो. आत्याला वाटायचं, पोरगा डोळ्यांना विश्रांती देतोय.

पहिला साहेब म्हणजे मुराई. शॅडो कुळाचा प्रमुख, हातात ननचाकू. रियू हायाबुसा, म्हणजे आपण, डोंगरातल्या त्याच्या किल्ल्यात शिरतो, वाटेतल्या निंजांना मारत वर पोचतो आणि समोर हा म्हातारा. इतर खेळांत पहिला साहेब म्हणजे शिकवणी असते, तीन-चार फटक्यांत पडतो. मुराई पडत नाही. तुम्ही बटणं बडवत सुटलात तर तो तुमचा एक वार अडवतो आणि मग ननचाकूचा असा पट्टा सुरू करतो की कंट्रोलर हातात असून नसल्यासारखा. मी पहिल्या दुपारी नऊ वेळा मेलो. दादा कॉटवर पडून बघत होता. नवव्या वेळी तो काही बोलला नाही, नुसता कुशीवर वळला. मी 'हो' दाबलं.

त्यानंतर सात दिवसांत मी खेळ संपवला. कुत्रा होऊनसुद्धा तो सोपा नव्हता, हे मुद्दाम लिहितो. अल्मा नावाची एक उडणारी राक्षसीण आहे, ती खांब उपटून फेकते. तिने मला रिबनसकट चार वेळा मारलं. शेवटचं दृश्य संपलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला खरंच खूप आनंद झाला होता.

जुलैमध्ये शाळेत परत आलो. आमची शाळा माझ्या गावापासून रेल्वेने दीड दिवसावर आहे, आणि इथे मोबाईल नाही, गेम नाही. त्यामुळे सुट्टीत कोणी काय खेळलं, काय पाहिलं, हे सगळं बोलण्यातूनच चालतं. लाइट्स आउट झाल्यावर एक जण सिनेमा सांगतो आणि बारा जण ऐकतात. मी निंजा गायडेन सांगायला घेतला. तीन रात्री पुरला. मुराईपाशी आलो तेव्हा आमच्या हाऊसच्या बॉक्सरने अंधारातून विचारलं, "नॉर्मल पे खेला?"

मी म्हणालो, "और क्या."

एवढंच. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. पण या बॉक्सरला काही सांगितलं की तो तिथे थांबत नाही. तो रोहतकजवळच्या एका गावातला, त्याला दावपेच लागतात. "मुराई को कैसे गिराया?" आता आली पंचाईत. मला आठवलं, दादाने एकदा मला खेळून दाखवलं होतं. मी तेच माझं म्हणून सांगितलं : डावा ट्रिगर दाबून धरायचा, म्हणजे तलवार आडवी राहते. त्याचा पूर्ण पट्टा अंगावर घ्यायचा, मध्ये घुसायचं नाही. पट्टा संपला की त्याचा क्षणभर तोल जातो. तेवढ्यात दोन-तीन वार, आणि पुन्हा ट्रिगर. तो पकडायला आला तर मात्र ट्रिगर उपयोगाचा नाही, बाजूला लोळण घ्यायची.

बॉक्सर अंधारात बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, हे तर आमचे उस्ताद रिंगमध्ये सांगतात तेच आहे.

या खेळाला सगळे 'फास्ट' म्हणतात, आणि तो आहेच. पण मी जेवढे खेळणारे पाहिले-ऐकले त्यांत जे घाईने खेळतात ते पहिल्या तासात मरतात. हात वेगाने चालले पाहिजेत, डोकं नाही. रियू पळतो, भिंतीवर चढतो, पाण्यावरून धावतो, हे सगळं बघणाऱ्यासाठी. खेळणाऱ्याचं निम्मं काम डाव्या तर्जनीचं, ट्रिगर धरून थांबण्याचं. हे मला कळलेलं होतं, करता मात्र आलेलं नव्हतं.

माझ्या सांगण्यामुळे म्हणा किंवा काही म्हणा, दसरा-दिवाळीच्या सुट्टीत हाऊसमधल्या चार-पाच जणांनी हा खेळ शोधून काढला. पण प्रत्येकाच्या हाती वेगळाच लागला. नोव्हेंबरमध्ये कॉमन रूममध्ये जो वाद झाला तो म्हणजे आंधळे आणि हत्ती. वाद हिंदीत झाला, मध्येमध्ये इंग्रजीत. इथे मराठीत देतो.

बॉक्सरने त्याच्या मावसभावाकडे 'ब्लॅक'च खेळला, नॉर्मलवर, आणि मुराईला पाडला. माझ्या, म्हणजे दादाच्या, युक्तीने. त्याचं मत असं की हा खेळ क्रूर आहे पण प्रामाणिक आहे. तू मेलास तर दर वेळी तुला सांगता येतं की कुठे चुकलास. त्याने पेपर हातात आल्यावर चुका दाखवतात तशा स्वतःच्या चुका मोजून दाखवल्या.

कोट्टयमच्या मुलाला हे अजिबात मान्य नव्हतं. तो म्हणाला, पडद्याबाहेरून जो कुनाई येतो तो मला दिसलाच नाही, तर माझी चूक कशी? कॅमेरा भिंतीत अडकतो, मी कोपऱ्यात, आणि मार कुठून बसतोय ते कळत नाही. ही तक्रार जुनी आहे, दादाही करतो. २००४ च्या मूळ खेळात तर उजव्या काडीने कॅमेरा फिरवताही येत नव्हता, ती सोय नंतर आली. बॉक्सरचं उत्तर : मग कोपऱ्यात जाऊ नकोस. कोट्टयमवाल्याचं उत्तर इथे छापण्यासारखं नाही.

तो स्वतः दुसराच भाग खेळला होता, 'सिग्मा टू', प्लेस्टेशनवर. तिथे आणखी मजा. 'निंजा गायडेन टू' २००८ मध्ये एक्सबॉक्सवर आला तेव्हा त्यात शत्रूंचे हातपाय तुटायचे, रक्ताचे पाट वाहायचे आणि एकेका वेळी शत्रूंची झुंड अंगावर यायची. पुढच्या वर्षी प्लेस्टेशनसाठी त्याचा 'सिग्मा टू' केला तेव्हा रक्त कमी करून त्या जागी जांभळी वाफ आणली आणि शत्रूंची संख्याही घटवली. कोट्टयमवाला म्हणाला, मला आधी वाटलं यांच्या अंगात अत्तर भरलंय. पण त्याला ते आवडलं. कमी शत्रू, पण प्रत्येकाशी नीट लढता येतं. झुंडीत काय कौशल्य? यावर दोन गट पडले आणि टेबल टेनिसची मॅच अर्धी राहिली. माझं मत झुंडीच्या बाजूने होतं, पण मी तो भाग खेळलेलोच नाही, त्यामुळे माझ्या मताला किंमत शून्य. तरी मी बोललो. त्या दिवशी मी फार बोलत होतो.

मग निघाला सोप्या पातळीचा विषय.

दिल्लीच्या एकाने त्याच्या चुलतभावाकडे नवा कोरा 'निंजा गायडेन फोर' पाहिला होता. तो दिवाळीतच, २१ ऑक्टोबर २०२५ ला आला. प्लॅटिनम गेम्स आणि टीम निंजा या दोघांनी मिळून केला आहे, त्यात रियूबरोबर याकुमो नावाचा नवा तरुण निंजा आहे. दिल्लीवाला म्हणाला, त्यात सर्वांत सोप्या पातळीचं नाव 'हिरो'. जमलं नाही तर खेळच तुमच्यासाठी वार अडवतो, चुकवतो. हे नाव नवं नाही, २०१२ च्या तिसऱ्या भागापासून 'हिरो' आहे. म्हणजे एकाच घराण्यातल्या खेळांत, एकाच कामाला, २००५ मध्ये कुत्रा म्हणत होते आणि आता हिरो म्हणतात.

आता बघा, यावर एवढा वाद व्हायचं कारण नव्हतं. पण आमच्या शाळेत हा प्रश्न रोजचा आहे. ऑब्स्टॅकल कोर्सवर भिंत चढता न येणाऱ्याला उस्ताद काय म्हणतात आणि काय म्हणायला पाहिजे, यावर आम्ही याआधीही भांडलोय. दिल्लीवाल्याचं म्हणणं, पैसे देऊन खेळ घेतलाय, शिव्या का खायच्या? कोट्टयमवाला म्हणाला, सोपं करून द्या पण खोटी स्तुती नको, 'इझी' म्हणा आणि सोडून द्या. बॉक्सर म्हणाला, त्याला कुत्रा म्हटलं असतं तर राग आला असता, आणि राग आला असता तर तो आणखी दहा वेळा लढला असता, म्हणून ते नाव बरोबर आहे.

आणि मी म्हणालो, बरोबरच आहे. ज्याला मुराई मारता येत नाही तो निंजा कसला? रिबन बांधायलाच पाहिजे.

कॉमन रूमच्या दारात सातवीतला एक मुलगा उभा होता. धनबादचा. आमच्याच हाऊसचा, अंगाने बारीक, फुटबॉलमध्ये लेफ्ट विंगला पळतो. तो कॅरमची पावडर न्यायला आला होता. निंजा गायडेनचं नाव ऐकून थांबला असणार. त्याचा चेहरा एकदम उजळला. म्हणाला, "सर, मैंने भी पूरा खत्म किया! मामा के यहाँ. डॉग मोड में."

दहावीच्या मुलांच्या बोलण्यात सातवीतला मुलगा आपणहून बोलतो ही इथे मोठी गोष्ट आहे. त्याला वाटलं असेल, इथे त्या खेळाबद्दल सगळं माहीत असलेला एक सर बसला आहे.

मी म्हणालो, "तो खत्म कहाँ किया? तू तो रिबन पहन के घूम रहा था."

सगळे हसले. तोही थोडा हसला, कारण सीनिअर हसताना ज्युनिअरने गंभीर उभं राहायचं नसतं. पावडर न घेताच गेला.

त्या संध्याकाळी मेसमध्ये त्याला कोणीतरी "रिबन" म्हटलं. आठवड्याभरात पूर्ण हाऊस म्हणायला लागलं. पंधरा दिवसांनी दुसऱ्या हाऊसची मुलंही, ज्यांना खेळाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. त्याच्या कॉटच्या दांड्याला कोणीतरी भेटवस्तूच्या खोक्यावरची जांभळी रिबन बांधली. ती मी बांधली नाही. मी रोज प्रेपला जाताना ती बघत होतो आणि मी ती सोडलीही नाही.

याच दरम्यान एका रविवारी घरी फोन लावायची पाळी आली. बाबा सुभेदार आहेत, सध्या युनिटसोबत लांब आहेत, पण त्या दिवशी लागला त्यांचा फोन. अभ्यास, वजन, सर्दी झाल्यावर बोलायला काही उरलं नाही म्हणून मी निंजाच्या खेळाबद्दल बोललो. बाबा म्हणाले, "निळे कपडे घातलेला निंजा का? भिंतीला चिकटतो तो?"

मी चाट पडलो. बाबा लहान असताना साताऱ्यात एक दुकान होतं, तिथे टीव्हीला जोडलेल्या खेळण्यावर तासाच्या भाड्याने व्हिडिओ गेम खेळायला मिळायचे. त्यातल्या एका कॅसेटमध्ये हा निंजा होता. निंजा गायडेनचा पहिला घरगुती खेळ जपानमध्ये १९८८ ला आला, तोच हा. त्या खेळातले पक्षी प्रसिद्ध आहेत. तुम्ही खड्ड्यावरून उडी मारता, नेमक्या त्याच वेळी समोरून पक्षी येऊन धडकतो, निंजा मागे ढकलला जातो आणि खड्ड्यात. बाबा म्हणाले, "ते पाखरू! अरे, ते पाखरू माझ्या अजून स्वप्नात येतं." आणि मोठ्याने हसले. फोनवर बाबा असे हसलेले मला आठवत नाही.

मी विचारलं, "तुम्ही कुठपर्यंत गेला होता?"

"मी? कुठला जातोय. तिसऱ्या भागाच्या पुढे कधी गेलो नाही. दुकानदाराचा पोरगा न्यायचा पुढे, आम्ही पैसे आमचे घालून त्याचं बघत बसायचो."

दादाने मला सांगितलं होतं की त्या खेळात शेवटच्या साहेबांपाशी हरलं तर खेळ तुम्हाला सहाव्या अंकाच्या सुरुवातीला नेऊन ठेवतो, आणि तो अंक सगळ्यांत अवघड. मी बाबांना ते सांगितलं. बाबा म्हणाले, बरं झालं, तेवढं दुःख तरी वाचलं. फोन ठेवायची वेळ झाली.

रांगेतून परत येताना मला बाबांचा आवाज आठवत होता. 'मी? कुठला जातोय.' किती पटकन म्हणाले ते.

डिसेंबरच्या अखेरीस सुट्टी लागली. आईकडे दोन दिवस राहून मी कोल्हापूरला गेलो. मला वाटलं होतं, आता नॉर्मलवर खेळून मुराईला मारायचं, म्हणजे जे बोललो ते खरं होईल, उशिरा का होईना. दादाच्या टेबलावर एक जुनी दिनदर्शिका होती, तिच्या मागे पेन्सिलने रेघा मारत गेलो. खेळ दर वेळी विचारत होता, मार्ग सोडायचा का, आणि मी 'नाही' म्हणत होतो. तेविसाव्या वेळी मुराईची रक्ताची पट्टी अगदी नखाएवढी उरली होती आणि मी ट्रिगर सोडून घुसलो. मेलो. दादा म्हणाला, "तुला बघवत नाही रे समोरचं माणूस उभं असलेलं."

एकतिसाव्या वेळी तो पडला. त्या खेपेला मी जवळजवळ काहीच केलं नाही, नुसता अडवत राहिलो. हाताला इतका घाम आला होता की कंट्रोलर शर्टाला पुसावा लागला. दादा म्हणाला, "झालं की मग. आता नॉर्मलवाला झालास."

पण झालो नव्हतो. खेळात सोळा प्रकरणं आहेत. मी एक पार केलं होतं, आणि सुट्टी संपेपर्यंत मोजून तीन झाली. शिवाय जुलैमध्ये बोललेलं वाक्य डिसेंबरमध्ये कितीही रेघा मारल्या तरी जुलैमध्येच राहतं. आणि खरं सांगायचं तर कॉटच्या दांड्यावरच्या रिबनचा मुराईशी काही संबंध नव्हता.

त्या रात्री दादाने मला तोमोनोबू इतागाकीबद्दल सांगितलं. २००४ चा खेळ आणि हा 'ब्लॅक' याच माणसाने दिग्दर्शित केला. काळा चष्मा घालूनच सगळीकडे दिसायचा. २००८ मध्ये त्याने कंपनी सोडली. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, चौथा भाग यायच्या काही दिवस आधी, तो गेला. वय ५८. दादाला त्याचं फार कौतुक. त्याचं म्हणणं, निंजा डॉग हा त्या माणसाने केलेला सगळ्यांत भारी विनोद आहे. लोक म्हणत होते खेळ फार अवघड आहे, सोपा करून द्या. त्याने दिला, पण चिमटा काढून. चिमटा बसला की माणूस एकतर हसतो आणि पुढे खेळतो, नाहीतर चिडतो आणि मागे जाऊन पुन्हा लढतो.

मी म्हणालो, "आणि तिसरा?"

"तिसरा कोण?"

मी काही बोललो नाही. तिसरा रिबन बांधून पूर्ण खेळ खेळतो, मग ती खिशात घालून शाळेत जातो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी दंडाला बांधतो. बॉक्सर म्हणतो ते नाव बरोबर आहे, कारण ते त्याला कधी लागलं नाही. दिल्लीवाला म्हणतो 'हिरो' बरोबर आहे. मला वाटतं, खेळाने कुत्रा म्हटलं ते एकट्याला म्हटलं, बंद खोलीत, दादा कुशीवर वळलेला असताना. त्याने माझं काही बिघडलं नव्हतं. रात्री दोन वाजता मी आनंदात होतो की. ते नाव चार लोकांत काढायचं काम खेळाने केलेलं नाही.

जानेवारीत परत आल्यावर मी तिसऱ्या दिवशी त्या मुलाला गाठलं. प्रेप सुटून मेसच्या फॉल इनला दहा मिनिटं होती. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. त्याला वाटलं, मी काहीतरी शिक्षा देणार, तो सावधानमध्ये उभा राहिला. मी त्याला सांगितलं की मीही डॉगवरच खेळलो होतो, पहिल्यापासून.

तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "आप भी, सर?"

मी म्हणालो, हो.

मग त्याने सांगितलं की या सुट्टीत त्याने मामाकडे नॉर्मल सुरू केला होता, मुराईपर्यंत पोचलाच नाही, कंटाळा आला. मग पुन्हा डॉगवरच पूर्ण खेळला. "मज़ा आया, सर." ते म्हणताना तो जुन्यासारखा बोलत होता, कॉमन रूमच्या दारात बोलला तसा. मला वाटलं, झालं, मिटलं.

पण फॉल इनची शिट्टी झाली तेव्हा तो जाता जाता थांबला. "सर, बोला तो आपने सबके सामने था."

हे सातवीतला मुलगा दहावीतल्याला म्हणाला. आवाज चढवला नाही. सावधानमध्येच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी कॉमन रूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. फार काही झालं नाही. मी काय काय कल्पना करून ठेवल्या होत्या! कॅरम चालू होता. कोट्टयमवाला म्हणाला, मला शंका होतीच, नॉर्मलवाला माणूस कॅमेऱ्याला शिव्या न देता राहूच शकत नाही. बॉक्सरने स्ट्रायकर हातात धरून विचारलं, "तो मुराई वाला दाँव किसका था?"

"दादा का."

"दाँव अच्छा था," असं म्हणून त्याने क्वीन घेतली.

मला कोणी रिबन म्हटलं नाही. मी वाट बघत होतो. एकदा तरी कोणी म्हणेल आणि मी ऐकून घेईन. पण टोपणनाव एकदा चिकटलं की ते माणूस बदलत नाही, आणि ते आधीच दुसऱ्याचं झालं होतं. कॉटच्या दांड्यावरची जांभळी रिबन मी सोडली, हाऊसच्या इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी, सगळे असताना. त्याने काही उपयोग झाला असं नाही. गेल्या शनिवारी इंटर-हाऊसच्या मॅचमध्ये तो लेफ्ट विंगवरून बॉल घेऊन निघाला तेव्हा आमच्या बाजूची सगळी पोरं ओरडत होती, "रिबन! रिबन!" आणि तो पळत होता. गोल झाला नाही, पण कॉर्नर मिळाला.

मी त्याला त्याच्या नावाने हाक मारतो. पहिल्या दोन वेळा त्याने मागे वळूनच पाहिलं नाही.